पंपावर आळ घेण्याआधी: जुन्या ऑक्टावियासाठी व्हीसीडीएस केबल

गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, लॅपटॉपला जोडणारी रॉस-टेक कंपनीची हेक्स-व्ही२ केबल आणि तिच्यावर चालणारं व्हीसीडीएस सॉफ्टवेअर मी एकाच कामासाठी घेतलं: माझ्या २००५च्या स्कोडा ऑक्टाविया १.९ टीडीआयचं इंजिन कुठे अडतंय ते स्वतः बघता यावं म्हणून. मत आधीच सांगते. तुमच्याकडे ही गाडी असेल, ती ठेवायचीच असं ठरलं असेल आणि आकडे वाचायची तयारी असेल, तर घ्या. बिघाडाचा कोड वाचून लगेच पार्ट बदलायचा असेल, तर घेऊ नका. तेवढ्यासाठी गॅरेजमधला कोणताही स्कॅनर पुरतो, आणि तो जसा चुकवतो तशीच ही केबलही चुकवेल.

मी महापेच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते. आमच्या खात्यात दिवसभर दोनच गोष्टी बघायच्या असतात, कंट्रोलरने किती मागितलं आणि प्रत्यक्षात किती मिळालं. दोन्हींत फरक पडला की व्हॉल्व्ह आधी खोलत नाहीत. आधी सेन्सर खरं बोलतोय का, लाइनमध्ये माल येतोय का, हे बघतात. या केबलने तोच हिशेब गाडीत करता येतो, म्हणून मला ती आवडली.

आधी इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाविषयी, कारण तो माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे २००१च्या अखेरीस ऑक्टाविया आली, औरंगाबादजवळच्या शेंद्रा इथल्या कारखान्यातून. तिचं १८९६ सीसीचं, ९० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बॉशच्या व्हीपी३७ पंपावर चालतं. हा पंप जुन्या रोटरी पंपाच्याच घराण्यातला. टायमिंग बेल्टवर फिरतो, एकच प्लंजर चारही सिलिंडरना पाळीपाळीने डिझेल देतो. फरक वरच्या झाकणाखाली आहे. जुन्या पंपाला अ‍ॅक्सिलरेटरची वायर आणि गव्हर्नरची वजनं असायची; याच्यात डिझेलची मात्रा ठरवणारा, विद्युतचुंबकाने हलणारा अ‍ॅडजस्टर आहे, एन१४६. तो नेमका किती हलला हे जी१४९ सेन्सर ईसीयूला कळवतो. इंजेक्शन लवकर की उशिरा, हे एन१०८ नावाचा व्हॉल्व्ह पंपाच्या आतला दाब कमीजास्त करून ठरवतो. आणि इंजेक्शन खरोखर कधी सुरू झालं, हे तिसऱ्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधल्या सुईवर बसवलेला सेन्सर सांगतो. त्या इंजेक्टरमधून वायर बाहेर आलेली दिसते, बाकीच्या तिघांना नाही.

आणखी एक, आणि सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीच्या टाकीत डिझेल ढकलणारी मोटर नाही. पंपच टाकीपासून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत कुठेही बारीकशी फट असली, तर तिथून डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब पडलेला नसतो, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

माझ्या गाडीत झालं ते असं. फिल्टर बदलून आणल्यावर सकाळी सेल्फ लांब मारावा लागू लागला. रात्रभर उभी राहिली की जास्त. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं आवाज कर्कश, घणसोलीहून निघून ठाणे-बेलापूर रोडला लागेपर्यंत एखाददुसरा झटका, आणि डॅशवरचा ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू व्हायला आधी तापणाऱ्या प्लगचा) दिवा लुकलुकायचा. या गाडीत तो दिवा चालू इंजिनात लुकलुकला तर त्याचा अर्थ ग्लो प्लग नव्हे, इंजिन कंट्रोलमध्ये बिघाड नोंदला गेला आहे असा असतो. एका गॅरेजने स्कॅनर लावला. कोड आला १७६५६, म्हणजेच पी१२४८: इंजेक्शनच्या सुरुवातीच्या नियंत्रणात तफावत. लगेच निकाल मिळाला, “मॅडम, पंप गेला. उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल.” कोटेशन ३५ हजारांचं. केबल, सीमाशुल्क धरून, त्याहून स्वस्तात आली.

व्हीसीडीएस उघडलं की इंजिनमध्ये जायचं, मेझरिंग ब्लॉक्समध्ये ग्रुपचा नंबर टाकायचा. प्रत्येक ग्रुपमध्ये चार आकडे. या कोडसाठी ग्रुप ००४: इंजिनचे फेरे, मागितलेली इंजेक्शनची सुरुवात, मिळालेली सुरुवात आणि एन१०८ची टक्केवारी. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर बघितलं, तर मागितलेला आकडा शांत आणि मिळालेला आकडा वरखाली नाचत होता, एन१०८ची टक्केवारी त्याच्यामागे धावून टोकाला जात होती. काही मिनिटांनी दोन्ही आकडे जुळले आणि नंतर तासभर जुळलेलेच राहिले.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. एन१०८ अडकत असता किंवा पंपाच्या आतला टायमिंगचा पिस्टन झिजला असता, तर गाडी गरम झाल्यावर तो बरा कशाने झाला असता? रात्रभर उभ्या गाडीत जे होतं आणि चालल्यावर जे निघून जातं, ते म्हणजे हवा. पंपाच्या आतला दाब डिझेलचा आहे. त्यात हवेचे बुडबुडे आले की दाब टिकत नाही, टायमिंग हलतं, आणि ईसीयू प्रामाणिकपणे “सुरुवातीत तफावत” असं लिहून ठेवतो. तफावत असते, पण ती पंपाने केलेली नसते.

ही केबल हवा दाखवू शकत नाही, त्यासाठी सेन्सरच नाही. तिथे डोळे लागतात. फिल्टरपासून पंपाकडे जाणारी नळी पारदर्शक असते. जुनी होऊन पिवळी पडली असेल तर त्या मापाची नवी पारदर्शक नळी लावा. इंजिन सुरू ठेवून टॉर्च मारली की दिसतं. क्वचित एखादा बुडबुडा तिथे तरंगत राहिला तर काळजी नाही, पण बारीक बुडबुड्यांची रांग सतत पंपाकडे जात असेल तर हवा ओढली जातेय. माझ्या नळीत रांग होती.

रबाळे एमआयडीसीत डिझेल पंपाचं काम करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानावर अजून ‘मायको’ लिहिलेली पाटी आहे. २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं तरी पंपाच्या धंद्यात जुन्या लोकांच्या तोंडी मायकोच. मी लॉग आणि नळीचा व्हिडिओ दाखवून विचारलं, “काका, पंप उतरवून चाचणीच्या बेंचवर घालायचा का?” ते म्हणाले, “ताई, पंप उतरवला की बेल्ट, टायमिंग, सगळं परत करावं लागणार. आधी डब्यावर चालवून बघा. डब्यावर नीट चालली तर माझ्याकडे यायचं कामच नाही.” स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

डब्यावर चालवणं म्हणजे टाकी, फिल्टर, सगळी लाइन बाजूला ठेवून पंपाला थेट स्वच्छ डिझेल पाजणं. स्वच्छ डबा पंपाच्या पातळीपेक्षा उंच आणि पक्का बसवायचा, पंपाची डिझेल घेणारी आणि परत सोडणारी, दोन्ही तोंडं छोट्या नळ्यांनी त्याच डब्यात घ्यायची, आणि गाडी जागेवर उभी ठेवूनच चालवायची. गरम मॅनिफोल्डवर डिझेल सांडणार नाही याची काळजी, जवळ अग्निशामक. मी रात्रभर गाडी तशीच जोडून ठेवली. सकाळी सेल्फला हात लावला न लावला तोच इंजिन सुरू झालं. ग्रुप ००४मधले दोन्ही आकडे पहिल्या सेकंदापासून एकमेकांना धरून. पंप निर्दोष.

मग उरला फिल्टर. त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची एक टी असते, क्लिपने अडकवलेली. थंडीत पंपाकडून परत आलेलं गरम डिझेल पुन्हा फिल्टरमध्ये फिरवण्यासाठी ती आहे. तिच्या खाली दोन ओ-रिंग. फिल्टर बदलताना टी उपसून नव्या फिल्टरवर बसवतात आणि जुन्याच रिंगा परत ठेवतात. माझ्या दोनपैकी एक रिंग चेपून तिला चीर गेली होती. बरोबरीने इंजेक्टरांना एकमेकांशी जोडणाऱ्या परतीच्या बारीक कापडी नळ्याही बदलल्या, कारण त्या वयाने भेगाळतात आणि तिथूनही रात्री डिझेल मागे उतरतं. नवा फिल्टर डिझेलने भरून बसवला, मग परतीच्या तोंडावर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावून बुडबुडे थांबेपर्यंत ओढलं. हवा काढायला सेल्फ मारत बसू नका. या पंपाला वंगण डिझेलचंच आहे, कोरडा फिरवला तर तो तेव्हा खरंच खराब होतो.

कोड पुसला. परत आलेला नाही.

आता दुसरी गाडी. माझे धाकटे दीर कासारवडवलीला राहतात, त्यांचीही हीच गाडी, एमएच-०४. त्यांची तक्रार वेगळी: सुरू झकास होते, पण ओढत नाही. चढावर मागचा रिक्षावालासुद्धा हॉर्न देतो. त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं, पंप डिझेल कमी देतोय. रविवारी पहाटे घोडबंदर रोड मोकळा असताना गायमुखच्या चढावर गाडी घेतली. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि लॉग सुरू केला. “भाऊजी, तिसऱ्यात ठेवा, पंधराशे फेऱ्यांवर आले की पूर्ण दाबा, तीन हजारावर सोडा.”

या चाचणीत जो ग्रुप सगळ्यात जास्त शिकवतो तो ००८. त्यात इंजिनच्या फेऱ्यांसोबत डिझेलचे तीन आकडे असतात, प्रत्येक स्ट्रोकला किती मिलिग्रॅम या हिशेबाने: ड्रायव्हरने पायाने किती मागितलं, इंजिनच्या टॉर्कच्या मर्यादेनुसार किती चालेल, आणि आत आलेल्या हवेच्या मानाने काळा धूर न होता किती जाळता येईल. ईसीयू या तिघांतला सगळ्यात लहान आकडा उचलतो आणि पंपाला तेवढंच द्यायला सांगतो. हे एकदा समजलं की ‘पंप कमी देतोय’ हे वाक्य कोणी बोललं तरी आपण विचारतो, कोणाच्या सांगण्यावरून कमी देतोय?

भाऊजींच्या गाडीत पाय पूर्ण दाबलेला असताना तिसरा आकडा बाकी दोघांच्या खूप खाली होता. म्हणजे ईसीयूला वाटत होतं की हवा कमी येतेय. मग ग्रुप ०११: टर्बोचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. दोन्ही जवळजवळ एकच. दाब पुरेसा आहे, मग हवा कमी कशी? ग्रुप ००३मध्ये हवेचं माप बघितलं तर तीन हजार फेऱ्यांना दर स्ट्रोकला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे जाईना, जिथे निरोगी गाडीत मी ८००च्या वर बघते. हवा येत होती, मोजणारा सेन्सर कमी मोजत होता. एअर फ्लो मीटर, जी७०. त्याने एकही कोड टाकलेला नव्हता, कारण तो बंद पडला नव्हता, नुसता कमी सांगत होता. सेन्सर बदलला आणि त्याच चढावर भाऊजींना तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरावं लागलं नाही. नुसत्या कोडवर चालणाऱ्याला हा दोष सापडणं अवघड होतं.

उलट ०११मध्ये मिळालेला दाब मागितलेल्यापेक्षा खाली राहिला असता, आणि बहुधा १७९६४ हा कोडही दिसला असता, तर मी टर्बोवर न जाता आधी व्हॅक्यूमच्या नळ्या तपासल्या असत्या. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या त्या बारीक नळ्या आपल्या उष्ण-दमट हवेत कडक होऊन टोकाशी फाटतात. टोक कापून परत घट्ट बसवलं तरी पुष्कळदा काम होतं.

गाडी सुरूच होत नसेल तेव्हाही केबलचा एक साधा उपयोग आहे. सेल्फ मारताना ग्रुप ००१मध्ये फेरे बघा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य दिसतंय, तर फेरे मोजणारा जी२८ सेन्सर किंवा त्याची वायर. फेरे दिसतायत पण सायलेन्सरमधून धुराचा लवलेश नाही, तर डिझेल आत जातच नाहीये: पंपावरचा डिझेल बंद करणारा एन१०९ व्हॉल्व्ह, ईसीयूला वीज देणारा १०९ नंबरचा रिले, इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप (त्याचा कोड १७९७८), किंवा हवा. चावी फिरवल्यावर ग्लोचा दिवाच लागत नसेल तर रिले आधी बघा. धूर येतोय आणि इंजिन पकडत नाहीये, तर ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग. हे धुराचं निदान जुने मेस्त्री कान-डोळ्यांनी करतातच, केबलने त्याला आकडा मिळतो.

टायमिंग बेल्ट बदलल्यावर तर ही केबल असलीच पाहिजे. पुष्कळ जण खडूच्या खुणा करून बेल्ट चढवतात आणि गाडी सुरू झाली की बॉनेट लावतात. इंजिन पूर्ण गरम करून बेसिक सेटिंग्जमध्ये ग्रुप ००० घेतला की व्हीसीडीएस डिझेलच्या तापमानानुसार टायमिंगचा आलेख काढतं: वरची रेघ, खालची रेघ, मधली रेघ, आणि तुमची गाडी त्यात कुठे आहे तो ठिपका. रेघांबाहेर असेल तर पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट ढिले करून केसभर फिरवायचं. ते बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, नवे घ्या. आणि पुलीच्या मधला मोठा नट कोणी ढिला करत असेल तर हात धरा. त्या नटाने हब कारखान्यात पंपाशी नेमकं जुळवलेलं असतं.

पंप खरंच खराब होतो का? होतो. १७९६९, म्हणजे अ‍ॅडजस्टर सांगितल्या जागी जात नाही, किंवा १७७६२, म्हणजे जी१४९चं सर्किट, हे कोड वायरिंग तपासूनही परत येत असतील तर पंपाचं डोकं बघावं लागतं. त्याहून नेहमीचं म्हणजे सील. डिझेलमधलं गंधक काढण्याच्या प्रक्रियेत अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि त्यांच्यामुळे फुगून बसलेलं जुनं नायट्राइल रबर आकसतं. मुंबईत २०१०च्या एप्रिलपासून ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) गंधकाचं डिझेल आलं, २०२०च्या एप्रिलपासून देशभर १० पीपीएमचं. पंपाचं वरचं झाकण ओलसर दिसत असेल तर व्हिटॉन रबराचे सील टाकून घ्या. झाकण हलवण्याआधी त्याची जागा अणकुचीदार सुईने खुणावून ठेवायला सांगा, कारण ते किंचित सरकलं तरी डिझेलची मात्रा बदलते. आणि पंप देण्याआधी विचारा, बेंचवर एन१४६ चालवायचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे का. नुसत्या मेकॅनिकल रोटरी पंपाच्या बेंचवर व्हीपी३७ची मात्रा तपासता येत नाही. रबाळ्याच्या काकांनी स्वतःच सांगितलं की ते सील बदलतात, मात्रा बसवायला पंप दुसरीकडे पाठवतात.

केबलच्या उण्या बाजू. विंडोजचा लॅपटॉप लागतो, हेक्स-व्ही२ फोनवर चालत नाही. मी घेतली ती तीन गाड्यांपुरती आहे, गॅरेजवाल्याला अमर्याद परवान्याची महाग आवृत्ती घ्यावी लागेल. सगळं इंग्रजीत, आणि आकडा चांगला की वाईट हे प्रत्येक ग्रुपमध्ये लिहिलेलं नसतं, ते शिकावं लागतं. या जुन्या गाड्यांचं डायग्नोस्टिक संथ आहे. तीन ग्रुप एकदम लावले तर आकडे इतक्या सावकाश बदलतात की चढावरच्या चाचणीत आकडा मध्येच खाली गेलेला दिसायचा राहतो. म्हणून एका वेळी एकच ग्रुप लावा आणि आकडे वेगाने घेणारं स्क्रीनवरचं ‘टर्बो’ बटण दाबा. सॉफ्टवेअर मात्र फुकट डाउनलोड होतं आणि अपडेटचे पैसे घेत नाहीत. बाजारात दिसायला हुबेहूब नकली केबल स्वस्तात मिळतात. त्या अपडेट केल्या की बंद पडतात, मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. ब्लूटूथचे छोटे डोंगल या गाडीला उपयोगाचे नाहीत. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी (बिघाड वाचण्याची सगळ्या गाड्यांना सारखी सोय) सक्तीचं झालं ते २०१०नंतर, आणि आपल्या कामाचे हे ग्रुप त्या डोंगलांना दिसतच नाहीत.

स्कोडा लॉरा १.९ पीडी असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की केबल तुमच्या गाडीला चालते, पण तुमच्याकडे हा पंपच नाही. तिथे प्रत्येक सिलिंडरवर वेगळा युनिट इंजेक्टर आहे, त्यामुळे वर सांगितलेला टायमिंगचा आलेख तुम्हाला लागू नाही.

ऑक्टाविया असेल आणि सध्या छान चालत असेल, तर आत्ताच ००१, ००३, ००४, ००८ आणि ०११चे लॉग घेऊन जपून ठेवा, उद्या बिघडली की तुलनेला आपल्याच गाडीचे आकडे असतील. ठाणे-नवी मुंबईत कोणाला लॉग वाचण्यात अडचण आली तर इथे टाका, मी बघून सांगेन. फक्त एक लॉग थंड इंजिनचा आणि एक पूर्ण गरम इंजिनचा, असे दोन्ही टाका.